बंद घराण्यांतून खुल्या मैदानात : जगलिंगची सात दशके (१९४७–२०१७)

जगलिंग म्हणजे हातांच्या संख्येहून अधिक वस्तू ठरावीक लयीत फेकत आणि झेलत राहण्याची कला. इजिप्तमधील बेनी हसन येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातील भित्तिचित्रांत चेंडू उडवणाऱ्या स्त्रिया दिसतात, यावरून तिचे प्राचीनत्व ध्यानात येते. मात्र रंगमंचाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांनी ती छंद म्हणून आत्मसात करावी, तिचे मेळावे भरवावेत आणि तिच्याभोवती स्वतंत्र उपसंस्कृती उभी राहावी, हे घडले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९४७ ते २०१७ या सात दशकांत कौशल्याची झेप वाढली हे खरे असले, तरी त्यामागचे मोठे कारण हे की, ते कौशल्य एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची रीतच या काळात पालटली.

या पालटाचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय खेळकऱ्यांनी लंडन गाजवले. त्यांच्यापैकी रामो सामी विशेष नावारूपाला आला, आणि चार पितळी गोळे एकाच वेळी खेळवणाऱ्या भारतीय जगलराच्या कसबावर विल्यम हॅझलिट याने १८२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध लिहिला. याच शतकात, महाराष्ट्रातील तालमींनाही परिचित असलेल्या मुद्गलाचा व्यायाम ब्रिटिश सैन्याने भारतातून उचलला, तो ‘इंडियन क्लब’ या नावाने युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत रुळला, आणि शतकाअखेरीस जगलर तीच साधने हवेत फेकू लागले. बारीक मुठीचा आणि फुगीर अंगाचा आजचा ‘क्लब’ त्यांचाच वंशज होय. पुढे रशियातील समारा येथे १८९६ साली इटालियन सर्कस-कुटुंबात जन्मलेल्या एन्रिको रास्तेल्लीने दहा चेंडूंपर्यंत मजल मारली. परंतु १९३१ मध्ये वयाची पस्तिशी गाठण्याआधीच तो निवर्तला, तेव्हा त्याने काय आणि कसे केले हे कागदावर उतरवण्याची कोणतीही पद्धत अस्तित्वात नव्हती. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई, नाहीतर विंगेत उभे राहून नजरेने टिपावी लागे.

१९४७ मध्ये जादूगारांच्या संमेलनासाठी आलेल्या काही जगलरांनी अमेरिकेत ‘इंटरनॅशनल जगलर्स असोसिएशन’ स्थापन केली, आणि व्यावसायिक व हौशी अशा दोघांना एकत्र आणणाऱ्या वार्षिक मेळाव्यांचा पायंडा पडला. या बीजाला अंकुर फुटला तो मात्र १९७०च्या दशकात. ब्रायन ड्युबे यांच्यासारख्या उत्पादकांनी साच्यातील प्लास्टिकचे क्लब बाजारात आणल्यामुळे, एरवी स्वतः घडवून घ्यावे लागणारे साधन विकत मिळू लागले. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे विद्यार्थ्यांमधून १९७३ मध्ये उदयास आलेल्या ‘फ्लाइंग करामाझोव्ह ब्रदर्स’ या मंडळीने प्रेक्षकांनी आणलेल्या वस्तूंपैकी तीन वस्तू खेळवून दाखवण्याचे आव्हान स्वीकारले आणि जगलिंगला विनोदाची जोड दिली. १९७७ मध्ये जॉन कॅसिडी यांचे धांदरटांसाठी लिहिलेले जगलिंगचे पुस्तक तीन भरीव कापडी चेंडूंसह विक्रीस आले. त्यातील पहिला धडा चेंडू वर फेकून ते सरळ जमिनीवर पडू देण्याचा होता. रंगमंचावर ज्या चुकीची नामुष्की वाटे, तिलाच शिक्षणाची पहिली पायरी ठरवणारा हा धडा नव्या हौशी वर्गाची वृत्ती नेमकी दाखवतो. त्यानंतर १९७८ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे अवघ्या अकरा जणांच्या उपस्थितीत पहिले युरोपीय संमेलन झाले. पुढे दरवर्षी वेगवेगळ्या देशांत भरू लागलेल्या या संमेलनाची उपस्थिती काही हजारांवर गेली. तंबू ठोकून आठवडाभर राहायचे, व्यायामशाळेत रात्री उशिरापर्यंत सराव करायचा आणि अनोळखी माणसाशी ‘पासिंग’, म्हणजे समोरासमोर उभे राहून क्लबांची देवाणघेवाण, सुरू करायची, हा या उपसंस्कृतीचा शिरस्ता झाला.

याच सुमारास विद्यापीठांतील गणितज्ञ आणि अभियंते या छंदाकडे वळले. माहितीशास्त्राचे प्रवर्तक क्लॉड शॅनन यांनी जगलिंग करणारे यंत्र तर बनवलेच, शिवाय चेंडू हवेत आणि हातात असण्याचा काळ, हात रिकामा राहण्याचा काळ, हातांची संख्या आणि चेंडूंची संख्या यांना बांधणारे समीकरणही मांडले. त्याहून दूरगामी ठरली ती ‘साइटस्वॉप’ ही अंकलेखन पद्धती, जी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात सांताक्रूझ, कॅल्टेक आणि केंब्रिज येथे स्वतंत्रपणे उदयास आली. तीत प्रत्येक फेकीला एक अंक दिला जातो, आणि ती वस्तू किती ठोक्यांनंतर पुन्हा फेकली जाईल हे तो अंक सांगतो. विषम अंकाची फेक दुसऱ्या हातात आणि सम अंकाची त्याच हातात येते. तीन चेंडूंच्या प्राथमिक रचनेतील, म्हणजे ‘कॅस्केड’मधील, प्रत्येक फेक ३ असते. अंकांची सरासरी चेंडूंच्या संख्येइतकी असावी लागते, पण तेवढ्याने भागत नाही. ४२३ आणि ४३२ या दोन्ही मालिकांची सरासरी ३ असूनही पहिली करता येते आणि दुसरी करता येत नाही. कारण ४३२ मध्ये पहिल्या ठोक्यावरची ४, दुसऱ्यावरची ३ आणि तिसऱ्यावरची २ या तिन्ही फेका पाचव्या ठोक्यालाच एका हातावर येऊन आदळतात. अशा रीतीने कोणत्या रचना शक्य आहेत हे हात न हलवता ठरवता येऊ लागले, आणि पूर्वी कोणाच्याही ध्यानात न आलेल्या ४४१ सारख्या रचना कागदावरून हातात उतरल्या. ‘इंटरनॅशनल जगलर्स असोसिएशन’ आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी या दोन्ही संस्थांचे अध्यक्षपद भूषवलेले रोनाल्ड ग्रॅहम हे या संगमाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणता येईल.

अंकलेखनाच्या जोडीला व्हिडिओ आल्यावर संख्येची स्पर्धा तीव्र झाली. चेंडू हवेत दुप्पट वेळ ठेवायचा तर तो चौपट उंच फेकावा लागतो, आणि उंचीबरोबर दिशेतील किंचितशी चूकही वाढत जाते. त्यामुळे प्रत्येक वाढीव चेंडूची किंमत आधीच्याहून जबर असते. असे असूनही २०१७ मध्ये इंग्लंडच्या ॲलेक्स बॅरन याने चौदा चेंडूंचा ‘फ्लॅश’, म्हणजे प्रत्येक चेंडूची एक फेक आणि एक झेल, पूर्ण केला. जेसन गारफिल्ड यांनी तर वेशभूषा आणि विनोद बाजूला सारून जगलिंगला निखळ क्रीडाप्रकार ठरवण्यासाठी वेगळी संघटनाच काढली.

याच्या नेमक्या उलट दिशेने गेलेला प्रवाह रंगमंचावर दिसतो. १९९० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या मायकेल मोशेन यांनी माणसाहून उंच त्रिकोणी चौकटीच्या आत उभे राहून तिच्या बाजूंवर चेंडू आपटवत ताल धरला, आणि न फेकता तळहातावरून व बोटांवरून गोळे घरंगळवण्याचा प्रकार लोकप्रिय केला; १९८६च्या ‘लॅबिरिंथ’ चित्रपटात डेव्हिड बोवीच्या हातात दिसणारे स्फटिकगोळे मागे दडलेले मोशेन न पाहता फिरवत होते. लंडनमध्ये १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गँडिनी जगलिंग’ने साइटस्वॉपला नृत्यरचनेची भाषा बनवले, आणि २०१७ मधील ‘सिग्मा’त सीता पटेल यांच्या साथीने भरतनाट्यमची लयगणना जगलिंगच्या अंकांशी भिडवली.

सात दशकांच्या या वाटचालीत विद्या खुली झाली, तिची किंमतही कोणीतरी मोजली: जे कसब घरोघरी व्हिडिओवर पाहता येते, त्यावर तिकीट लावून पोट भरणे कठीण झाले. शिवाय हे खुलेपणही निम्मेच आहे. साइटस्वॉप फेकीचा काळ नोंदवते. हात कोठे होता, चेंडू पाठीमागून आला की पायाखालून, खांदा कसा वळला, याविषयी ती मौन पाळते. मोशेन यांच्या पद्धतीच्या कामाचे तर जवळजवळ सारे मर्म त्या न नोंदवलेल्या भागातच आहे. सर्व रचना लिहून ठेवलेल्या आणि सर्व विक्रम चित्रित झालेले असतानाही संमेलनांची गर्दी ओसरली नाही, याचे एक कारण यातच शोधता येते. कारण हा उरलेला भाग आजही शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो.