विश्लेषण : माद्रिदमध्ये चांगले खायचे तर आधी घड्याळ का पाहावे लागते?

भारतातून माद्रिदला पोहोचलेले पर्यटक पहिल्याच संध्याकाळी सात वाजता जेवायला बाहेर पडतात आणि तिथेच फसतात. त्या वेळी बहुतेक चांगल्या उपाहारगृहांची स्वयंपाकघरे बंद असतात. उघडी सापडतात ती प्लाझा मायोर या मुख्य चौकातील, दारात पदार्थांचे मोठाले फोटो लावलेली हॉटेले. तिथे हमखास पाएया समोर येतो. हा भाताचा पदार्थ मुळात माद्रिदचा नव्हे, वालेन्सियाचा. दोन-तीन दिवसांच्या सहलीत असे एक महागडे जेवण वाया जाणे परवडत नाही.

इतक्या उशिरा जेवण का?

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते चार आणि रात्रीचे नऊनंतर. याचे एक कारण घड्याळातच आहे. माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे. तरीही १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेशी जुळवली गेली. ती व्यवस्था आजही कायम आहे. त्यामुळे घड्याळात दुपारचे दोन वाजतात, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने हिवाळ्यात पाऊण झालेला असतो आणि उन्हाळ्यात तर बाराही वाजलेले नसतात. जूनमध्ये सूर्यास्तच पावणेदहाच्या सुमारास होतो.

पोटभर जेवण कधी?

दुपारी. सोमवार ते शुक्रवार साध्या उपाहारगृहांबाहेर खडूने लिहिलेली ‘मेनू देल दिया’ची पाटी दिसते. दोन पदार्थ, ब्रेड, गोड किंवा कॉफी आणि बऱ्याचदा वाइन, बीअर किंवा पाणी असे सगळे एका ठरलेल्या किमतीत. साधारण १२ ते १८ युरो. फ्रँकोच्या काळातच, १९६० च्या दशकात, परदेशी पाहुण्यांसाठी सरकारने ठरावीक दराचे जेवण उपाहारगृहांवर बंधनकारक केले होते. पुढे कचेरीतील लोकांनी ते आपलेसे केले आणि आज त्याचे स्थान आपल्याकडच्या राइस प्लेटसारखे आहे. भाडी वाढलेल्या मध्यवर्ती भागात मात्र ते शोधायला मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत जावे लागते.

संध्याकाळचे काय?

संध्याकाळी बसायचे नाही, फिरायचे. बारच्या कट्ट्याशी उभे राहून ‘कान्या’ म्हणजे बीअरचा छोटा ग्लास घ्यायचा. सोबत ऑलिव्ह किंवा वेफर्सची बशी बऱ्याचदा फुकट येते. एखादा पदार्थ खाऊन पुढच्या बारकडे वळायचे. पुएर्ता देल सोलजवळचे ‘कासा लाब्रा’ १८६० पासून तळलेल्या कॉड माशासाठी ओळखले जाते. स्पेनच्या समाजवादी पक्षाची स्थापना १८७९ मध्ये याच ठिकाणी झाली. ला लातिना भागातील कावा बाखा ही गल्ली तर अशा बारनी भरलेली आहे. रविवारी सकाळी जवळच एल रास्त्रो हा जुना बाजार भरतो आणि तिथून निघालेली गर्दी दुपारी ‘वेर्मुत’ प्यायला याच गल्ल्यांत शिरते. माद्रिदकर पाहायचे असतील तर ही वेळ चुकवू नये.

१९१६ चे लोखंडी बांधकाम असलेली सान मिगेल मंडई देखणी आहे, पण महाग. एखादा घास पुरे. गिनीज बुकने जगातील सर्वात जुने उपाहारगृह ठरवलेले ‘बोतिन’ १७२५ चे. तिथे भाजलेल्या डुकराच्या पिल्लासाठी आधी टेबल राखून ठेवावे लागते. रात्री उशिरा, १८९४ पासून चालणाऱ्या ‘सान खिनेस’मध्ये दाट चॉकलेटमध्ये बुडवून चुरोस खावेत.

शाकाहारींची सोय होते का?

होते, पण विचारून. ‘मांस नको’ म्हटल्यावरही पदार्थात हामोन म्हणजे खारवलेल्या हॅमचे तुकडे किंवा ट्यूना येऊ शकतो. म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून’ असे नाव घेऊन सांगावे. टोमॅटो चोळलेला ब्रेड आणि तळलेल्या पाद्रोन मिरच्या बहुतेक वेळा निर्धोक. तोर्तिया म्हणजे बटाट्याचे ऑम्लेट, त्यात अंडे असतेच. ‘पातातास ब्राव्हास’ हे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे. त्या सॉसमध्ये कधी मांसाचा रस्सा असतो. ‘पाताता’ हा शब्द मराठी कानाला परका वाटणार नाही. आपला ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला, पण शब्दाचे मूळ एकच. अगदीच अडले तर लाव्हापिएस भागात भारतीय जेवण मिळते.

बिल कुठे फुगते?

बाहेरच्या टेबलांवर बऱ्याच ठिकाणी दर जास्त असतात आणि न मागता आलेल्या ब्रेडचेही पैसे लागू शकतात. नळाचे पाणी फुकट देणे मात्र २०२२ च्या कायद्याने उपाहारगृहांना बंधनकारक आहे. ‘आग्वा देल ग्रिफो’ असे मागावे, नाहीतर बाटली येते. टिप सक्तीची नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी अनेक ठिकाणे बंद असतात. ऑगस्टमध्ये तर कित्येक जुनी उपाहारगृहे आठवडेच्या आठवडे कुलूप लावून सुटीवर जातात, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच हे पाहिलेले बरे.