भरलेल्या अर्जातून माहिती कशी काढतात?

पीडीएफ अर्ज पडद्यावर कागदासारखा दिसतो. आत मात्र ती खतावणी असते. १९९६ पासून या दस्तऐवजात प्रत्येक रकान्याचे नाव ‘टी’ या खुणेखाली व भरलेला मजकूर ‘व्ही’ या खुणेखाली ठेवण्याची सोय आहे. पायथन भाषेतील चार-सहा ओळींची आज्ञावली तेवढेच वाचते आणि हजार अर्जांतील जन्मतारखा तक्त्यात उतरवते.

पण पुष्कळ ठिकाणी सहीसाठी अर्ज छापतात आणि त्याचे चित्र पुन्हा संगणकात घालतात. मग रकाने गेले, उरले नुसते चित्र! ते पाहून कोणी टंकताना ३ चा ८ केला, की एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन अडते. वास्तविक सहीसाठीही पीडीएफमध्ये स्वतंत्र रकाना असतो.