साडेतीन हजारांचं कार्ड

सकाळी १०.१५
मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पोटमाळ्यावरचं दुकान. काकांनी शटर उघडलं. पहिलं काम डिस्कचं. चार टीबीच्या सहा डिस्क. एकेक दोन्ही हातांनी उचलून सीरियल नंबर वहीत. या कामाला वेळ जातो, पण वॉरंटी त्या नंबरावरच मिळते.

१०.५०
गिऱ्हाईक आलं. लग्नाचे फोटो काढणारे, गिरगावातले. फोटो साठवायला घरच्या नेटवर्कवरचं मशीन हवं. मदरबोर्डला सॅटाचे चारच पोर्ट, डिस्क सहा. म्हणजे कार्ड हवं.

११.३०
पोऱ्या शेजारच्या दुकानांतून तीन कार्डं घेऊन आला. बॅटरीवालं रेड कार्ड, बावीस हजार. सहा पोर्टांचं छोटं सॅटा कार्ड, अडीच हजार. आणि सर्व्हरमधून काढलेलं जुनं एलएसआय ९२११-८आय, साडेतीन हजार.

काकांनी आधी रेड कार्ड बाजूला ठेवलं.
"महाग तेच चांगलं ना, काका?"
"हे कार्ड डिस्क स्वतःच्या ताब्यात घेतं. उद्या ते मेलं, तर त्याच जातीचं कार्ड शोधत फिराल. आपल्याला नुसती डिस्क दाखवणारं कार्ड पाहिजे. बाकीचं सॉफ्टवेअर बघेल."

छोट्या कार्डावर ते बराच वेळ थांबले. चांगल्या चिपचं असतं तर घेतलं असतं. पण काही कार्डांत एकाच वाटेवर चार-पाच डिस्क जोडलेल्या असतात. एक अडकली की सगळ्या थांबतात. चिप हीटसिंकखाली. विकणाऱ्यालाही नाव सांगता येईना. परत पाठवलं.

एलएसआय जुनं, पीसीआय एक्सप्रेस दुसऱ्या पिढीचं. वेगाचं काय? घरच्या गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं. एक हार्ड डिस्कच त्याहून जास्त देते. कार्ड कुठेच आड येत नाही.

दुपारी १.००
डबा. भाजी-पोळी.

१.४०
एलएसआय ठरलं. त्या कार्डावर रेडचं फर्मवेअर होतं. दुकानातल्या जुन्या मशीनवर ते पुसून आयटी मोडचं, म्हणजे नुसती डिस्क दाखवणारं, चढवलं. पुसल्यावर नवं चढेपर्यंत वीज जाता कामा नये. यूपीएसशिवाय काका याला हात लावत नाहीत.

२.५०
गिऱ्हाइकाच्या बोर्डावर कार्ड लावलं. स्क्रीन काळी. काकांनी कार्ड काढलं, टेपची बारीक पट्टी कापली, बी बाजूच्या पाचव्या-सहाव्या पिनवर चिकटवली. मशीन सुरू झालं. काही डेस्कटॉप बोर्डांवर स्क्रीन अशी काळी राहते. ही पट्टी लावायला डोळा आणि स्थिर हात लागतो. बिलात तिची ओळ नसते.

३.३०
केबल. एका टोकाला मिनी-सॅस, दुसऱ्याला चार सॅटा. दिसायला सारखीच, पण उलट्या जोडणीची केबलही मिळते. ती लावली तर एकही डिस्क दिसत नाही. काका पाकिटावरचं 'फॉरवर्ड' वाचूनच फोडतात. अशा दोन, चौदाशे रुपये.

४.१५
हीटसिंकला बोट लावलं, लगेच काढलं. हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेलं. पोऱ्यानं चाळीस मिलिमीटरचा पंखा झिप टायनं बांधला. दीडशे रुपये.

६.१०
डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, ट्रूनॅस, चढलं. सहा डिस्कचा रेड-झेड-२. जागा चार डिस्कची. दोन गेल्या तरी फोटो राहतात. काकांनी चालू व्हिडिओच्या मध्येच एका डिस्कची केबल उपसली. व्हिडिओ चालत राहिला. गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून बघायला आलं.

७.४५
कार्ड ३,५००. केबल १,४००. पंखा १५०. मजुरी १,५००. कार्डाला महिन्याची तोंडी हमी. काकांनी एवढंच बजावलं: हा डबा म्हणजे बॅकअप नव्हे, दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

असलं कार्ड घ्यायला जाल, तेव्हा चिपचं नाव आणि फर्मवेअर बिलावर लिहून घ्या.