काटकसर कोठे करावी?

पांढरकवडा परिसरातील बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर; रक्तदाबाची गोळी मात्र रोज लागते. हात आखडला की ‘आता बरे वाटते’ म्हणून प्रथम गोळीच बंद होते. जमाखर्चाच्या दृष्टीने ही बचत नव्हे. रक्तदाब बहुधा लक्षणांविना वाढतो; पक्षाघात झाल्यास रुग्णाची मजुरी बुडते आणि शुश्रूषेसाठी घरातील दुसरा माणूसही अडकतो.

यास्तव आप्तांना आमचे सांगणे असे की, गोळी थांबविण्यापूर्वी डॉक्टरांना आपली अडचण सांगावी. त्याच औषधाचा स्वस्त जेनेरिक पर्याय मिळू शकतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी असावे. लोणचे-पापडातील मीठही त्यातच धरावे. टॉनिकवरील खर्चापेक्षा ज्वारी, घरची तूर आणि धुऱ्यावरची अंबाडी अधिक हिताची.

फवारणीतही हाच हिशेब आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे व मास्क यांवर काटकसर करू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने न फवारणे आणि काम संपताच साबणाने अंघोळ करणे, यांस तर खर्चच नाही.

देणगीदारांस नम्र विनंती, की शस्त्रक्रियेसाठी साहाय्य करताना दरमहाच्या गोळ्यांचेही स्मरण असावे. उद्याचे मोठे बिल टाळण्याची शक्ती या लहान रकमेतच आहे.