झोपेतील ठोसा : स्वभावदोष नव्हे, मेंदूची सूचना

कन्नड तालुक्यातील पिशोर हे बाजारपेठेचे गाव. तेथील एखादे व्यापारी जैन घर डोळ्यांपुढे आणावे. कर्त्या गृहस्थांनी साठी ओलांडलेली. पहाटे सामायिक, सूर्यास्तापूर्वी चौविहार आणि दिवसभर दुकानाची गादी. गिऱ्हाइकाशी चढ्या आवाजात बोलणे नाही. मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकणारा हा माणूस पहाटे तीन-चारच्या सुमारास झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, हवेत ठोसे मारतो. जागे केल्यावर तो म्हणतो, “कुत्रे अंगावर धावून आले होते, त्याला हाकलत होतो.” सकाळी पत्नीच्या दंडावर काळानिळा डाग दिसतो आणि सुनेने विचारले की ती सांगते, “दाराची कडी लागली.”

घरात या गोष्टीची वाच्यता होत नाही. कोणी तिला अजीर्ण म्हणतो, कोणी थकलेल्या उधारीची चिंता, तर कोणी बाहेरची बाधा. स्वतः त्या गृहस्थांना मात्र वेगळाच प्रश्न छळतो : जन्मभर अहिंसा पाळली, मग मनात एवढी हिंसा कोठून आली?

या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचे उत्तर आहे आणि ते मिळण्यास कारणीभूत ठरलेला एक रुग्ण किराणा व्यापारीच होता. १९८२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ६७ वर्षांचे एक निवृत्त किराणा दुकानदार डॉक्टरांकडे आले. स्वप्नात फुटबॉल खेळताना प्रतिस्पर्ध्यावर झेप घ्यावी म्हणून ते उठले आणि खोलीतील कपाटावर जाऊन आदळले होते. डॉ. कार्लोस शेंक व डॉ. मार्क महोवाल्ड यांनी अशाच पाच रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत ६७ ते ७२ वर्षांचे चार पुरुष व ६० वर्षांची एक स्त्री होती. या विकारास आज ‘रेम स्लीप बिहेव्हिअर डिसऑर्डर’ म्हणतात.

रात्रीच्या झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो. त्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरतात व ठळक स्वप्ने पडतात. हीच रेम निद्रा. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. या वेळी मेंदूचा बुंधा, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो, त्यामुळे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात निश्चल असतो. हे कुलूप निकामी झाले की स्वप्नातील कृती शरीर प्रत्यक्ष करू लागते. फ्रान्समधील मिशेल जुव्हे यांनी १९६५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत हेच दाखवले होते. इटलीतील संशोधकांना २००५ मध्ये असे आढळले की या रुग्णांची स्वप्ने आक्रमक असली तरी दिवसाचा त्यांचा स्वभाव तसा नसतो. तेव्हा त्या ठोशावरून माणसाचे मन जोखणे अन्यायाचे आहे.

झोपेतील प्रत्येक हालचाल मात्र हा विकार नव्हे. आपल्या कर्मसाहित्यात दर्शनावरणीय कर्माच्या नऊ प्रकृतींपैकी पाच निद्रेच्या आहेत. त्यांतील स्त्यानगृद्धीत माणूस झोपेतच उठून मोठे काम करतो आणि त्याला काही आठवत नाही, असे वर्णन आहे. आजच्या भाषेत हे निद्राभ्रमणाजवळ जाते. निद्राभ्रमण बहुधा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात होते. डोळे उघडे असतात आणि जागे केल्यास माणूस गोंधळतो. रेम विकाराचा झटका बहुधा उत्तररात्री येतो. डोळे मिटलेले असतात, माणूस सहसा खोलीबाहेर जात नाही, हाक मारताच भानावर येतो आणि स्वप्न सांगतो. अपस्मारात ठराविक हालचाल जशीच्या तशी पुन्हा होते. मोठे घोरणे व मध्येच श्वास अडणे असेल, तर निद्राश्वसनरोधही असेच चित्र उभे करू शकतो. नैराश्यावरील काही औषधांनीही हा त्रास सुरू होतो, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. झोपेत स्वप्नातल्याप्रमाणे हातपाय चालवता, असे कोणी सांगितले आहे काय, एवढे विचारावे. परंतु झोपलेल्यास स्वतःचे वर्तन ठाऊक नसते. खरी साक्षीदार पत्नी असते आणि दवाखान्यात बहुधा तीच बाहेर बाकावर बसलेली असते. तिला आत नेणे व मोकळेपणी बोलू देणे अत्यंत आवश्यक आहे. मोबाईलवर चित्रण केलेले असल्यास उत्तम.

पक्के निदान ‘व्हिडिओ पॉलिसोम्नोग्राफी’ने होते. एक रात्र झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, श्वास, प्राणवायू आणि हनुवटी व हातापायांच्या स्नायूंचे विद्युत आलेख घेतले जातात, सोबत चित्रणही होते. रेम निद्रेत शांत असायला हवे असे स्नायू जागेच दिसले की शंका फिटते. पिशोरच्या कुटुंबाने छत्रपती संभाजीनगर येथील मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना या चाचणीची सोय कोठे आहे, हेही विचारून घ्यावे.

एवढा खटाटोप कशासाठी? उतारवयात अन्य कारणाविना जडलेला हा विकार अनेकदा कंपवाताची किंवा त्या जातीच्या स्मृतिभ्रंशाची आगाऊ सूचना असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांच्या अभ्यासात दरवर्षी सुमारे ६ टक्के रुग्णांत असा आजार प्रकट झाला आणि १२ वर्षांत हे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांपर्यंत गेले. तो थांबवणारे औषध अद्याप नाही. तरीही वास कमी होणे, बद्धकोष्ठ, चालणे मंदावणे, वहीतील अक्षर बारीक होत जाणे, बँकेतील सही न जुळणे, या खुणांकडे वेळीच लक्ष जाते. नियमित तपासणी सुरू होते आणि पेढीचे व्यवहार, वारसनोंदी शांतपणे मार्गी लावता येतात.

त्रास आवरण्यासाठी मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. दुसऱ्या औषधाने वृद्धांचा तोल जाऊ शकतो व श्वसनरोध वाढू शकतो, म्हणून ते मनाने घेऊ नये आणि उपवासात एकाएकी बंदही करू नये. चौविहार असल्यास डॉक्टरांना तसे सांगून वेळ ठरवावी. पच्चक्खाणात आजारासाठी आगाराची तरतूद आहे, त्याविषयी गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे. निदानाची वाट न पाहता आजच करण्याजोगी कामेही आहेत : पलंग बुटका करावा, बाजूला गादी अंथरावी, काचेचा तांब्या व टोकदार तिपाई दूर ठेवावी आणि काही दिवस पत्नीने वेगळ्या अंथरुणावर झोपावे.

त्या वेगळ्या अंथरुणाचा अर्थ दुरावा नव्हे, हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या त्या गृहस्थांनाही पत्नीला इजा होऊ न देण्याचा हाच मार्ग आहे. “कडी लागली” असे सांगणाऱ्या त्या माउलीला घरातल्या कोणीतरी जवळ बसवून खरे काय ते विचारावे. निदानाची सुरुवात तिच्या उत्तरापासून होते.