स्वतःवर माया किती, स्वतःला बोल किती? एकाच आकड्यात दोन्ही मावतात का?

कामात माती खाल्ली की तुम्ही स्वतःशी काय बोलता? ‘होतं असं कधीकधी’ की ‘तुझ्याच्यानं काही होणार नाही’? हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या मानसशास्त्रात आहेत. ऑनलाइन चाचणी दिली की शेवटी एक आकडा मिळतो. तो वाचताना मात्र जरा जपून.

सर्वात जास्त वापरली जाते ती अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांची २००३ मधली ‘सेल्फ-कम्पॅशन स्केल’. मराठीत आत्मकरुणा म्हटलं की स्वतःची कीव करणं वाटतं, पण इथे अर्थ आहे अडचणीतल्या मित्राशी वागतो तसं स्वतःशी वागणं. एकूण २६ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातली १३ मायेची: स्वतःला समजून घेणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे आठवणं, मन थाऱ्यावर ठेवणं. उरलेली १३ नेमकी उलट: स्वतःला दोष देणं, आपणच एकटे असे आहोत असं वाटणं, त्याच विचारात बुडून जाणं. गुण मोजताना या १३ विधानांचे आकडे उलटे करतात, म्हणजे ४ चे २ होतात. मग सगळ्यांची सरासरी.

गोची इथेच आहे. समजा, एक जण स्वतःला खूप बोलतो आणि तितकंच सावरतोही. दोन्हीकडे ४. उलटवल्यावर ४ आणि २, सरासरी ३. दुसरी व्यक्ती दोन्ही क्वचितच करते. दोन्हीकडे २, उलटवल्यावर २ आणि ४. सरासरी पुन्हा ३! माणसं वेगळी, निकाल एकच.

पीटर म्युरिस यांच्यासारख्या संशोधकांचा आक्षेप याहून टोकदार आहे. एकटं वाटणं, त्याच विचारात अडकणं ही विधानं नैराश्याच्या लक्षणांशी मिळतीजुळती आहेत. मग ‘आत्मकरुणा कमी तिथे नैराश्य जास्त’ असं दिसलं, तर त्यात नवल ते काय? नेफ यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते माया आणि दोष ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, त्यामुळे एकूण गुण काढणं योग्यच.

ब्रिटनमधले पॉल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांच्या २२ विधानांच्या प्रश्नावलीत तीन गट आहेत: ‘मी कमी पडतो’, ‘मला स्वतःचा तिटकारा येतो’ आणि ‘मी स्वतःला धीर देतो’. पहिले दोन गट वेगळे काढणं फार मोलाचं. कमी पडल्याची खंत बहुतेकांना कधी ना कधी वाटते. स्वतःला इजा करावीशी वाटणं हे प्रकरण गंभीर, आणि तिथे चाचणीच्या आकड्यावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं.

नेफ यांची प्रश्नावली आजाराचं निदान करत नाही. ती भरलीच, तर एकूण आकड्याआधी मायेचे आणि दोषाचे गुण वेगवेगळे पाहा.