पंगत उठल्यावर उरलेल्या अन्नाचे काय? स्वयंसेवकांचे काम, नियम आणि मर्यादा

भिलाई (छत्तीसगड) : लग्नसराईच्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास मंगल भवनातील गर्दी ओसरू लागते आणि स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला एक जुनाच प्रश्न उभा राहतो. पाचशे पाहुण्यांचा अंदाज धरून शिजवलेल्या अन्नापैकी शंभर जणांना पुरेल इतके अन्न पातेल्यांत तसेच राहिलेले असते. यजमान थकलेले असतात. केटररला भांडी आवरून दुसऱ्या दिवशीच्या कार्याला लागायचे असते. त्याच वेळी काही किलोमीटरवर रुग्णालयाच्या आवारात, रेल्वे स्थानकाबाहेर किंवा बांधकामावरील झोपड्यांत कोणीतरी अर्धपोटी झोपण्याच्या तयारीत असते.

या दोन टोकांना जोडण्याचे काम देशातील अनेक शहरांत स्वयंसेवकांचे गट करीत आहेत. विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी, निवृत्त कर्मचारी असे सर्व थरांतील लोक त्यात असतात. काम वरवर सोपे दिसते : उरलेले अन्न उचलायचे आणि गरजूंना द्यायचे. प्रत्यक्षात त्यात वेळ, तापमान, कायदा आणि घेणाऱ्याचा सन्मान या चारही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यातील एक जरी सुटली तरी मदतीचे रूपांतर विषबाधेत किंवा अपमानात होऊ शकते.

भिलाईसारख्या शहरात हा प्रश्न का महत्त्वाचा?

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याभोवती सेक्टरांमध्ये आखलेली वसाहत उभी राहिली आणि महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे स्थायिक झाली. २०११ च्या जनगणनेनुसार दुर्ग-भिलाई नगरसमूहाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे.

अशा औद्योगिक शहरात अन्न उरण्याची ठिकाणे अनेक असतात : मंगल भवने, हॉटेले, वसतिगृहांचे भोजनकक्ष, संस्थांची उपाहारगृहे. गरजही तितकीच जवळ असते. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत बाहेरगावाहून रुग्ण येतात. रुग्णाच्या जेवणाची सोय होते, पण सोबतच्या नातेवाइकांचे काय, हा प्रश्न कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या आवारात रोजचाच असतो. भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. राज्यात धान्य पिकते म्हणून प्रत्येक ताटात पोषण पोहोचते, असे होत नाही.

अन्न वाटून घेण्याची परंपरा या प्रदेशाला नवी नाही. कापणी आटोपल्यानंतर पौष पौर्णिमेला छत्तीसगडमध्ये ‘छेरछेरा’ सण साजरा होतो. त्या दिवशी मुले आणि तरुण दारोदार जाऊन धान मागतात आणि दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवीत नाहीत. उरलेला भात पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी खाण्याची ‘बोरे-बासी’ची पद्धत घराघरांत आहे. महाराष्ट्रातील फोडणीचा भात किंवा शिळ्या पोळीचा कुस्करा यांचाही हेतू तोच आहे. मात्र घरातील उरलेला भात कधी शिजला आणि कोठे ठेवला होता, हे गृहिणीला ठाऊक असते. पाचशे माणसांच्या समारंभात ती खात्री आपोआप मिळत नाही, आणि स्वयंसेवकाची खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते.

चळवळ कोठून आली?

वाया जाऊ शकणारे अन्न गोळा करणारी जगातील पहिली अन्नपेढी १९६७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली, असे मानले जाते. न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली ‘सिटी हार्वेस्ट’ने उपाहारगृहांतील शिल्लक अन्न त्याच दिवशी गरजूंपर्यंत नेण्याची पद्धत रुजवली. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत ‘रॉबिन हूड आर्मी’चे काम सुरू झाले. पोर्तुगालमधील ‘रीफूड’ या उपक्रमापासून तिला प्रेरणा मिळाली. ही संघटना आर्थिक देणग्या स्वीकारत नाही. लोकांकडून वेळ आणि अन्न एवढेच घेते. त्याच वर्षी ‘फीडिंग इंडिया’ आणि कोइम्बतूर येथील ‘नो फूड वेस्ट’ हे उपक्रमही उभे राहिले.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१५ मध्ये दोन वेगळे प्रयोग पुढे आले. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, युसूफ मुकाती यांनी ‘रोटी बँक’ सुरू केली. सदस्यांनी घरी शिजवलेल्या पोळ्या आणि भाजी आणून द्यायची आणि गरजूंनी ती तेथून न्यायची, अशी तिची रचना होती. मुंबईत डबेवाल्यांनी त्याच नावाचा उपक्रम हाती घेतला. समारंभांत उरलेले अन्न शहराच्या वाटा पाठ असलेल्या माणसांनी भुकेल्यांपर्यंत न्यावे, ही त्यामागील कल्पना होती. पुढे माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनीही मुंबईत रोटी बँकेचे काम उभे केले.

या प्रयोगांतून दोन पद्धती स्पष्ट होतात. पहिलीत घरचे ताजे अन्न मुद्दाम बाजूला काढले जाते. दुसरीत उरलेले अन्न वाचवले जाते. पहिली पद्धत सुरक्षिततेच्या दृष्टीने सोपी असली तरी तिला रोजचे सातत्य लागते. दुसरीत अन्न मोठ्या प्रमाणावर मिळते. पण हाताशी वेळ फार थोडा असतो.

घड्याळ आणि तापमापक

शिजवलेले अन्न साठ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम किंवा पाच अंशांपेक्षा थंड ठेवावे, हा अन्नसुरक्षेतील पायाभूत नियम आहे. या दोहोंमधील तापमानात जिवाणू वेगाने वाढतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यासाठी ‘दोन तास-चार तास’ असा सोपा आडाखा वापरतात. अन्न या धोक्याच्या तापमानात एकूण दोन तासांपेक्षा कमी काळ राहिले असेल तर ते पुन्हा शीतकपाटात ठेवता येते. दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खावे. चार तास उलटले असतील तर टाकून द्यावे.

भात हा येथील मुख्य आहार असल्यामुळे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यानंतरही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत बराच वेळ राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातील उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘एक उकळी आणली की झाले’ हा सर्रास ऐकू येणारा समज चुकीचा आहे. वास आणि चव ठीक असली तरी अन्न सुरक्षित असेलच असे नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, रात्री आठला काउंटरवर मांडलेल्या आणि साडेअकरापर्यंत उघड्या राहिलेल्या पदार्थांना हात न लावणेच शहाणपणाचे ठरते. वाचवण्याजोगे अन्न बहुधा स्वयंपाकघरात झाकून गरम ठेवलेल्या पातेल्यांत असते. म्हणून अनुभवी गट समारंभ संपल्यावर येणाऱ्या फोनची वाट पाहत नाहीत. यजमानांनी आधीच कळवावे, केटररने पदार्थ लहान-लहान खेपांत काउंटरवर आणावेत आणि उरणार असे दिसताच निरोप द्यावा, असा त्यांचा आग्रह असतो. झाकणाचे स्वच्छ डबे, वाहन आणि अन्न कोठे जाणार याची आधीच ठरलेली यादी हाताशी असली तरच पुढचा तास कारणी लागतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाची पुनर्प्राप्ती आणि वितरण यांसाठी स्वतंत्र विनियम अधिसूचित केले. १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ हा त्यांचा आधार आहे. सद्भावनेने दिलेले असले तरी ते अन्नच आहे आणि त्याला सुरक्षिततेचे निकष लागू आहेत, हे या विनियमांचे सूत्र आहे. अन्न देणारे व्यावसायिक आणि ते वाटणाऱ्या संस्था यांच्यावर स्वच्छता, योग्य तापमानात साठवण आणि वाहतूक, पदार्थाची माहिती देणारी नोंद आणि वितरणाचा हिशेब अशा जबाबदाऱ्या आहेत.

परदेशांत कायद्याचा भर वेगवेगळ्या बाजूंवर आहे. अमेरिकेतील १९९६ चा कायदा सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला दायित्वापासून संरक्षण देतो. फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांना विक्रीयोग्य न राहिलेले पण खाण्यायोग्य अन्न नष्ट करण्यास मनाई केली आणि सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. इटलीने त्याच वर्षी दंडाऐवजी प्रोत्साहन आणि सोप्या कागदपत्रांचा मार्ग निवडला.

‘नाही’ म्हणण्याचे धैर्य

स्वयंसेवकाला सर्वांत जड जाणारा निर्णय अन्न नाकारण्याचा असतो. मोठ्या मनाने बोलावणाऱ्या यजमानासमोर ‘हे अन्न आम्ही नेऊ शकत नाही’ असे म्हणणे अवघड असते. विशेषतः वाट पाहणारी मुले डोळ्यांसमोर असताना. परंतु जे अन्न स्वतःच्या घरी मुलांना वाढता येणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांना देता येत नाही. भुकेल्याची पचनशक्ती वेगळी नसते. उलट कुपोषित बालक, वृद्ध आणि आजारी माणूस यांना दूषित अन्नाचा धोका अधिक असतो, आणि आजार झाल्यास उपचाराचा खर्च त्यांनाच सर्वाधिक जड जातो.

दुसरा प्रश्न सन्मानाचा आहे. ताटात उष्टे राहिलेले अन्न आणि भांड्यात न वाढता उरलेले अन्न यांत फरक आहे; पहिले कोणत्याही परिस्थितीत वाटले जात नाही. पदार्थ शाकाहारी आहे की मांसाहारी, हे घेणाऱ्याला सांगणे हा त्याचा हक्क आहे. वाटप करताना छायाचित्रे काढण्याचा मोहही अनेक गट कटाक्षाने टाळतात. रुग्णालयाच्या बाकावर जेवणारा माणूस गावी परतल्यावर कोणाचा शेतकरी भाऊ, कोणाचे वडील असतो. त्या रात्रीची त्याची अडचण जाहिरातीचा विषय होऊ नये.

मर्यादा कोणत्या?

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घरांतून, २८ टक्के उपाहारगृहे आणि भोजनसेवेतून, तर १२ टक्के किरकोळ विक्रीतून होते. भारतातील घरगुती नासाडीचा अंदाज दरवर्षी दरडोई ५५ किलो इतका आहे. लग्नातील नासाडी डोळ्यांत भरते. घरातील रोजची मूठभर नासाडी कोणाच्या नजरेत येत नाही.

त्यामुळे अन्न वाचवणारे स्वयंसेवक भुकेच्या प्रश्नावरील पूर्ण उत्तर ठरू शकत नाहीत. लग्नसराईत अन्न भरपूर मिळते, तर पावसाळ्यात आणि मुहूर्त नसलेल्या महिन्यांत ते आटते. भूक मात्र मुहूर्त पाहून लागत नाही. नियमित आधार शिधापत्रिका, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहार यांतूनच मिळू शकतो. छत्तीसगडने राष्ट्रीय कायद्याच्या आधी, २०१२ मध्येच, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला होता. या व्यवस्थेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या स्थलांतरित मजुरापर्यंत, रुग्णाच्या नातेवाइकापर्यंत, रस्त्यावर झोपणाऱ्यापर्यंत त्या एका रात्री पोहोचणे, हे स्वयंसेवकांचे खरे क्षेत्र आहे.

यजमानांनी काय करावे?

पाहुण्यांच्या येण्याची खात्री करून घेणे, पदार्थांची संख्या आवरणे, केटररला थोड्या-थोड्या प्रमाणात शिजवण्यास सांगणे आणि स्थानिक गटाशी समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी बोलून ठेवणे, एवढे केले तरी मोठा फरक पडतो. अन्न कधी शिजले, याची वेळ डब्यावर लिहून ठेवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पण ते अन्न पुढे द्यावे की नाही, याचा निर्णय त्यावरच ठरतो.

अन्न उरलेच नाही, तर त्या रात्री स्वयंसेवकांना काम राहणार नाही. या क्षेत्रात ते अपयश मानले जात नाही. गरजेपुरते शिजावे आणि तरीही उरले, तर ते वेळेत आणि सन्मानाने कोणाच्या तरी ताटात पडावे, एवढीच या कामामागील अपेक्षा आहे.